लेकासाठी राखलेल्या गोळ्या

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी पाथर्डीकडच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. लंकाबाईची सून पुष्पावती विषमज्वराने फणफणली, तेव्हा चौदा दिवसांच्या गोळ्या मीच दिल्या. ताप उतरला तरी सगळ्या संपवायच्या, असं बजावलंही. लंकाबाईने "व्हय, व्हय" म्हणून मला वाटेला लावलं.

पाचव्या दिवशी ताप उतरला. बाईने सुनेच्या गोळ्या लगेच बंद केल्या आणि उरलेल्या गोळ्या तंबाखूच्या डबीत घालून कणगीत दडवल्या. "सून काय, दुसरी आनता येती. माझा सूर्यभान पडला तर?" हे ती शेजारणींना हसत हसत सांगायची. आणि त्या हसायच्या!

पुष्पावतीला धड उभं राहवत नव्हतं. तरी घाण झालेली लुगडी तिनेच धुवायची, तीही पाझर तलावात. दुष्काळाने तलाव आटून गुडघाभर हिरवट डबकं उरलं होतं. त्याच्याच काठाला झिरा खणून सगळं गाव प्यायचं पाणी भरत होतं.

महिन्याभरात पुष्पावतीचा नवरा सूर्यभान तापाने आडवा झाला. लंकाबाईने ऐटीत डबी काढली. "म्या सांगत न्हवते?"

चार दिवस गेले, ताप हटेना. मी दवाखान्यातल्या आणखी गोळ्या दिल्या. फरक शून्य. तालुक्याचे डॉक्टर आले. त्यांनी डबी पाहिली, सगळं विचारून घेतलं आणि मला बाहेर नेऊन म्हणाले, "पाच दिवसांत लेचेपेचे जंतू मेले. उरले ते या औषधाला भीक न घालणारे. लुगड्यांतून ते पाण्यात गेले, पाण्यातून याच्या पोटात. आता या गोळ्या दिल्या काय, खडू चारला काय."

नगरहून दुसरं औषध आणायला माणूस पाठवला. तो परत येण्याआधीच सूर्यभानच्या आतड्यातून रक्त जायला लागलं. शेवटी त्याला पाणीसुद्धा गिळवेना. अकराव्या दिवशी तो गेला.

मला राग आवरला नाही. प्रेत अंगणात असताना मी लंकाबाईला डॉक्टरांचा शब्द न् शब्द ऐकवला. तसं करायला नको होतं, पण ऐकवला. ती कोरड्या डोळ्यांनी ऐकत राहिली. मग तिने पदराआडून डबी काढली.

"भाऊ, पाच उरल्यात. ठिवू का? धाकट्या लेकाला, गहिनीला लागतील."

भिंतीशी बसलेली पुष्पावती उठली, सासूच्या हातातली डबी तिने ओढून घेतली, गोळ्या जमिनीवर ओतल्या आणि टाचेखाली चिरडल्या. पांढरी भुकटी मातीत मिसळली.

लंकाबाईने तिच्या फाडकन मुस्कटात मारली.

"माझ्या लेकाचं औशद मातीत घातलंस, रांडं!" म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिने गळा काढला.