फटका आत्ता, आवाज मागाहून

मी ग्राफिक्स कार्ड बोलतोय. हो, आरोपी मीच. लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरची चित्रं रंगवणं हा माझा धंदा. आवाजाशी माझा काडीचाही संबंध नाही, असं सगळे समजत होते. मीही तेच समजून चाललो होतो.

माझे मालक एका बँडचे ड्रमर, सगळ्यांचे काका. मला त्यांच्याकडे आणलं त्यांच्या पुतणीने. "बघ काका, पडद्यावर खिडक्या कशा डुलत उघडतात!" काका खूश, मी त्याहून खूश.

पुढे काकांचं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर ते घरीच मोबाईलवर गाणी लावून, कॉम्प्युटरला जोडलेल्या रबरी पॅडवर सराव करू लागले. पॅडवर काठी पडली की कॉम्प्युटरमधून ड्रमचा आवाज यायचा. इथे माझा ड्रायव्हर, म्हणजे मला हाकणारा प्रोग्राम, नडला. खिडकी डुलवायची म्हणून तो प्रोसेसरला अडवून धरायचा, मग आवाजाची पाळी चुकायची आणि स्पीकर कडकडायचा. काकांनी आवाज साठवून सोडणारा बफर वाढवला. कडकड थांबली, पण आवाज उशिरा यायला लागला.

नाचता येईना अंगण वाकडे, हे लोकांचं झालं. काकांचं उलटं. इथे अंगण खरोखर वाकडं होतं, आणि हा भला माणूस स्वतःच्या मनगटाला शिव्या देत होता! हात मंद झालाय म्हणत त्यांनी प्रत्येक फटका जरा आधी मारायची सवय लावून घेतली. तीन महिने. मग बँडच्या तालमीत खऱ्या ड्रमवर बसले आणि सगळ्यांच्या पुढे पळत सुटले.

घरी येऊन त्यांनी गिटारवाल्याला फोन केला. "रविवारच्या कार्यक्रमाला दुसरा ड्रमर बघ. माझा हात गेला." मला फार वाईट वाटलं. पण मी तेव्हाही खिडकीच डुलवत होतो.

दुसऱ्या दिवशी पुतणी आली. सहज पॅडवर बोट मारलं आणि थबकली. "काका, हा आवाज आत्ताचा की गेल्या जन्मीचा?"

आधी तिने साउंड कार्डाला झोडपलं, वायरी बदलल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी. शेवटी तिने खिडक्यांचं डुलणं बंद केलं, माझा ड्रायव्हर बदलला, बफर कमी केला. आता काठी पडताच आवाज यायचा.

काका गाणं लावून वाजवायला बसले. प्रत्येक ठोका आधीच पडला. त्यांनी काठ्या खाली ठेवल्या. "बघ. गेलाच हात."

"काका, आवाज जेवढा उशिरा यायचा, दर वेळी नेमका तेवढाच आधी मारतोयस! गेलेल्या हाताला हे जमतं का?"

काकांनी काठ्या परत उचलल्या. डोळे पुसले आणि संध्याकाळपर्यंत वाजवत बसले. मग गिटारवाल्याला फोन. "दुसरा ड्रमर मिळाला का रे?"

"शोधलाय कोणी, गाढवा?"

हल्ली मी साध्या चौकोनी खिडक्या उघडतो. नटणं संपलं. तुम्हाला एकच विनवणी: काही बिघडलं, तर झडती आधी आमची घ्या. आम्ही निर्लज्ज आहोत, आम्हाला चालतं.