झेंडूच्या हारातली घंटी

मी एक जुनी घंटी आहे, मित्रांनो. देवळातली नव्हे आणि शाळेतलीही नव्हे. पांढरकवड्याच्या टेलिफोन एक्सचेंजात, चार्जरच्या खोलीतल्या भिंतीवर माझा मुक्काम होता. एक पितळी वाटी, एक इवलीशी हातोडी आणि पाठीमागे दोन तारा, एवढाच माझा संसार. कौतुकाची हौस मात्र मला भारी, हे आधीच सांगून टाकते.

टेलिफोन बॅटरीवर चालतो आणि बॅटरीचं पोट चार्जर भरतो. चार्जरचा फ्यूज उडाला की बॅटरी गुपचूप उतरत जाते. तेव्हा ओरडून सगळ्यांना जागं करायचं, हे माझं काम. एकसष्ट साली भीमराज मेकॅनिकनं मला जोडलं. फ्यूजपासून माझ्यापर्यंत त्यानं तारा अशा सरळ आणल्या आणि मेणाच्या दोऱ्यानं अशा नीटस बांधल्या, की मला नवी साडी नेसल्यासारखं वाटलं. मग त्यानं मुद्दाम फ्यूज काढला आणि मी जी खणखणले, की पलीकडच्या खोलीतून ऑपरेटर नलूताई कानावर हात ठेवून धावत आल्या.

"भाऊ, हे घंटी हाय का भांडकुदळ सासू?" त्या म्हणाल्या. मला ते कौतुकच वाटलं.

त्यानंतर रोज सकाळी भीमराज कळ दाबून मला वाजवून पाही आणि मगच दुसऱ्या कामाला लागे.

ही गोष्ट तीन वर्षांनंतरच्या खंडेनवमीची. नलूताईंनी सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावलं. मला तर झेंडूचा जाडजूड हार आणला. भीमराजच्या घरी छप्पन साली बौद्ध धर्म घेतल्यापासून पूजाअर्चा बंद, पण ताईंचं मन मोडू नये म्हणून स्टूल त्यानंच धरलं. मी फुशारून गेले. सकाळी त्यानं मला वाजवून पाहिलं होतं, पण ते हार घालण्याच्या आधी. नंतर पाहायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

भीमराजचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्याची बायको तुळसाबाई बाळंतपणासाठी यवतमाळच्या दवाखान्यात होती आणि अडली होती. ऑपरेशन करावं लागलं तर डॉक्टर फोनवरून त्याला विचारणार होते. समोरच्या हैदराबाद रस्त्यावर खांबावरची तार तुटली म्हणून त्याला बाहेर पडणं भाग होतं.

"ताई, फोन आला तं मले हाक मारजा. मी समोरच्याच खांबावर हाओ."

तो गेला आणि थोड्या वेळानं फ्यूज उडाला. मी जीव तोडून हातोडी हलवली, पण हातोडी आणि वाटी यांच्यामध्ये झेंडू बसला होता. नुसती थडथड होत राहिली. बंद दाराआड ती कोण ऐकणार? दुपारपर्यंत मी तशीच तडफडत होते आणि बॅटरी उतरत होती.

मग यवतमाळचा फोन आला. नलूताईंनी खिडकीतून हाक मारली. भीमराज सरसर उतरून आला आणि त्यानं फोन कानाला लावला. "डॉक्टर विचारताहेत, ऑपरेशन..." एवढं बोलून पलीकडचा आवाज विरत गेला. बोर्डावरचे दिवेही मिणमिणले.

"आवाज बुडून राह्यला, ताई," तो म्हणाला आणि तसाच माझ्या खोलीत धावला. उडालेला फ्यूज त्याला दिसला आणि वर मी दिसले, हाराखाली थरथरणारी. त्यानं हार ओढून काढला. मी खणखणले. मित्रांनो, इतकं केविलवाणं मी कधी वाजले नव्हते.

त्यानं नवा फ्यूज बसवला. चार्जर घुमू लागला, दिवे उजळले. नलूताईंनी पुन्हा यवतमाळ मिळवलं.

"करा म्हणा," भीमराज म्हणाला. "लवकर करा."

तुळसाबाई वाचली. मुलगीही वाचली, पण थोडक्यात. नलूताई पदर डोळ्याला लावून कितीतरी वेळ माझ्यासमोर उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी भीमराजनं माझ्या तारांना आणखी एक जोडी जोडली आणि ती भिंतीपलीकडे नेऊन नलूताईंच्या बोर्डावर लाल दिवा लावला. मी मुकी झाले तरी तो दिसावा म्हणून.

पुढच्या खंडेनवमीला तुळसाबाई लेकीला कडेवर घेऊन आली. नलूताईंनी हार आणला आणि त्या थबकल्या. तुळसाबाईनं तो दाराच्या खिळ्याला अडकवला, मग कळ दाबली. मी खणखणले तशी पोर दचकून भोकाड पसरून रडू लागली, आणि सगळे हसले. माझं एवढं कौतुक पुन्हा झालं नाही.

आता नवा चार्जर आला, त्याच्यासोबत नवी घंटीही आली. मी कपाटात धूळ खात पडले आहे. तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, मित्रांनो: जे तुम्हाला सावध करतं, त्याची निगा राखा, हौस असेल तर त्याला हारही घाला. पण हार घातल्यावर एकदा कळ दाबून पाहा.