लांब धाग्याची पारख

गिरणीच्या रुईगोदामात उत्तरेकडील खिडकीशी एक उंच टेबल होते. त्यावर काळी मखमल अंथरलेली असे, आणि त्या मखमलीपाशी उभ्या राहणाऱ्या गृहस्थास सारी गिरणी ‘पारखी’ म्हणत असे. गाठ फोडली की तो मूठभर रुई उचली, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढी, टोकाला टोक जुळवी, पुन्हा ओढी, आणि सरळ झालेला तंतूंचा पुंजका मखमलीवर ठेवून निवाडा देई. लांब धाग्याची रुई बारीक सुताकडे जाई, आखूड धाग्याची जाड्याभरड्या कापडाकडे. त्याच्या निवाड्यावर फेरविचार होत नसे.

परंतु दैवाची करणी अशी, की ह्याच माणसाच्या बोटांतील संवेदना लोपली होती. साखरेच्या आजाराने प्रथम पावले बधिर केली आणि पुढे हातांकडे मोर्चा वळविला. डॉक्टर सोडल्यास हे कोणालाही ठाऊक नव्हते. बोटे गेलेला पारखी म्हणजे गळा बसलेला गवई. त्याला कामावर ठेवणार कोण? घरात तो आणि त्याची एकुलती एक लेक, अशी दोनच माणसे. लेक त्याच गिरणीत सूतखात्यात कामास होती. तिच्या एकटीच्या खांद्यावर घराचा भार पडेल, ह्या भयाने त्याने तोंड शिवून घेतले होते.

त्या सकाळी नव्या मालाच्या गाठी आल्या. पारखी पुंजका ओढत होता. ओढत होता आणि टाकून देत होता. गाठी उचलणारा हमाल, ज्यास उंचीमुळे सगळे ‘उंट’ म्हणत, शेजारी उभा राहून मजा पाहत होता.

“काका, रुईशी भांडण झालंय का आज? कधीची ओढाताण चाललीय.”

“तुझ्या डोक्यापर्यंत अक्कल चढायला वेळ लागतो, उंटा. गाठ फोड.”

“फोडतो. पण खालून सूतखात्याचा मास्तर दोनदा ओरडून गेलाय. तुम्हाला नाही, मलाच ओरडतो. तुमच्यापुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटते.”

पारख्याने अखेर एक पुंजका मखमलीवर ठेवला. तो चांगला लांब दिसला. वास्तविक तंतूंची टोके नीट जुळली असती, तर तो आखूड भरला असता. बधिर चिमटीतून तंतू नकळत घसरले होते, एकापुढे एक सरकले होते, आणि आखूड रुईने लांबीचे सोंग घेतले होते. बोटे शाबूत असलेल्या माणसाला घसरण तत्काळ उमगते. पारख्याने डोळ्यांवर विश्वास टाकला.

“लांब धागा,” तो म्हणाला. “बारीक सुताला जाऊ दे.”

पुढे दोन-तीन दिवसांनी लेक संध्याकाळी घरी आली ती हातपाय न धुताच भिंतीला टेकून बसली.

“बाबा, रुई कसली आलीय? तार सांधून पाठ वळवावी तर मागची तुटलेली. रुळांवर नुसती गुंडाळत जाते. कताईचा साचा थांबवला की मास्तर अंगावर येतो.”

पारख्याच्या हातातील पेला मध्येच थांबला. ह्याच लेकीस लहानपणी, सदऱ्यावर गोळे का येतात असे तिने विचारले असता, त्याने मांडीवर घेऊन समजाविले होते. सुतात आखूड तंतू फार लागतात, म्हणून त्यांची टोकेही फार; ती टोके बाहेर डोकावतात, घासली की गोळे होतात, ताण पडला की निसटतात. लांब तंतू थोडे लागतात आणि पिळात एकमेकांना घट्ट धरून बसतात. म्हणून त्यांचे सूत केसासारखे बारीक निघूनही तुटत नाही, आणि त्यांचे कापड अंगाला मऊ, डोळ्यांना तजेलदार आणि धुण्याला चिवट. तिला आता निराळे सांगण्याची गरजच नव्हती. ती त्याच्याकडून केवळ एक उत्तर मागत होती: रुई आखूड आहे का?

“हवा कोरडी आहे,” तो म्हणाला. “पाण्याचे फवारे नीट चालत नसतील.”

“तसंच असेल,” ती म्हणाली. “तुम्ही पास केलीय म्हणजे रुईत खोट नसणार. मी उगीच रुईला बोल लावत होते.”

तिचा तो विश्वास त्याच्या काळजात कुसळासारखा रुतला. उद्या मास्तराला एकांतात गाठू, असे त्याने मनाशी ठरविले. आणि उद्या उजाडल्यावर परवावर ढकलले.

त्या परवाच्या दुपारी उंट धावत गोदामात आला. त्याच्या तोंडून विनोद निघाला नाही, तेव्हाच पारख्याने ओळखले. लेकीने चालत्या साच्याच्या रुळावरून गुंडाळलेली रुई आकड्याने सोडवू पाहिली होती. रुई सुटली नाही. उलट रुईनेच तिचा हात आत ओढून घेतला. उजव्या हाताची दोन बोटे गेली.

इस्पितळातून पारखी सरळ मास्तराच्या खोलीत गेला. मास्तर सुताचा सारा कारभार पाहणारा. माणूस दुष्ट नव्हता, भित्रा होता.

“वाईट झालं,” मास्तर म्हणाला. “पण चालत्या साच्यात हात घातला तिनं. वरच्यांना मी काय सांगू? निष्काळजीपणा म्हणावाच लागेल. तिला आता ठेवता येणार नाही.”

“चूक तिची नाही. रुई आखूड होती. मी लांब म्हणून पास केली.”

मास्तर खिन्न हसला. “पारखी, तुमच्या जागी मीही हेच बोललो असतो. लेकीसाठी बाप काय वाटेल ते अंगावर घेतो. तुमची पारख चुकत नाही, सगळी गिरणी जाणते.”

“रुई आणा, तुमच्यासमोर ओढून दाखवतो.”

“आणि मुद्दाम चुकवून दाखवाल. न येण्याचं सोंग कुणालाही आणता येतं.”

अशा रीतीने जन्मभर मिळविलेला लौकिकच त्याच्या वाटेत आडवा पडला. त्याने मास्तराच्या टेबलावरील टाचणी उचलली, डाव्या हाताच्या अंगठ्याच्या टोकात खुपसली आणि हळूहळू आत दाबत नेली. दाबताना तो शांतपणे सांगत होता, की हे कधी सुरू झाले, डॉक्टर काय म्हणाले, गाठी कोणत्या होत्या. त्याचा आवाज एकदाही कापला नाही. मास्तराचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

“पुरे. काढा ती.”

“आता पटलं?”

मास्तराने उठून खोलीचे दार लोटले. “पटलं. पण खराब रुई माझ्या खात्यात चालली आणि मला कळलं नाही, असं वर सांगू? माझंही घर आहे.” मग तो खालच्या आवाजात म्हणाला, “तिचा निष्काळजीपणा कागदावर तसाच राहील. आणि तुम्हीही उद्यापासून येऊ नका.”

लेक घरी आली तेव्हा पारख्याने काही न लपविता सारे सांगितले. तिने पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवला.

“त्या संध्याकाळी मी विचारलं, तेव्हा माहीत होतं?”

“शंका होती.”

“शंका पुरली असती, बाबा. साचा थांबवला असता मी. शिव्या खाल्ल्या असत्या.”

त्यानंतर कित्येक दिवस ती त्याच्याशी मोजकेच बोले: पाणी, औषध, दार लावा.

एके सकाळी ती उठून बसली. केसांचा गुंता झाला होता आणि एका हाताने तो सुटत नव्हता. बराच वेळ झगडून तिने फणी मागे वळून न पाहता त्याच्याकडे धरली. तो तिच्या पाठीमागे बसला. केसांचे तीन पेड केले, पण कोणता पेड सैल आणि कोणता ताठ, हे बोटांना सांगता येईना. तो डोळे बारीक करून एकेक वळसा घालू लागला.

“ओढू नका,” ती म्हणाली. “दुखतंय.”

“आता?”

“अजून दुखतंय.”

त्याने हात सैल केले. वेणी सुटली. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि दर वळशाला थांबून तो तिला विचारू लागला.