लाल ठिपक्यावरचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना स्टुडिओ स्पीकर आहे, जोडीतला डावा. उजवा माझा जुळा भाऊ. गोंदियाला लागून असलेल्या मुर्री गावात, लीलाधरच्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही दोघे टेबलावर बसलो आहोत. समोर एक खुर्ची आहे. आमच्या दोघांत जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येकापासून त्या खुर्चीचं.

लीलाधर आधी वरातीच्या डीजेवर काम करायचा. गाडीवरच्या स्पीकरच्या मोठमोठ्या डब्यांना डावा खांदा लावून तो कित्येक लगीनसराया उभा राहिला. मग त्याने ते सोडलं आणि आम्हाला आणलं. त्याची बायको मंजू हिचा आवाज गोड, आणि हळदीची जुनी गाणी तिला तोंडपाठ. ती सगळी नीट रेकॉर्ड करून ठेवायची, एवढीच त्याची हौस होती.

पहिल्याच दिवशी त्याने आमचे आवाज जुळवले. आधी एकट्या मला, मग एकट्या भावाला सूंऽऽ असा एकसारखा आवाज काढायला लावला. खुर्चीपाशी डोक्याच्या उंचीवर मोबाईल धरून त्यावरचा आवाजाचा आकडा बघितला. दोघांचा आकडा सारखा येईपर्यंत आमच्या पाठीवरची बटणं किंचित किंचित फिरवली. जमलं तिथे मंजूच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि बजावलं, "आता याले कोणी हात लावाचा नाही." मग मंजूचं गाणं लावलं. ते ना माझ्यातून आलं, ना भावातून. आम्हा दोघांच्या बरोबर मधून आलं, जणू ती तिथेच उभी आहे. मला फार अभिमान वाटला.

पण नियम मोडला तो लीलाधरनेच. एक दिवस त्याला मी दबका वाटलो, म्हणून त्याने माझं बटण ठिपक्याच्या पुढे सरकवलं. मग आणखी पुढे. मी घसा फाडून ओरडत होतो, तरी तो म्हणे, हा डबा मरतुकडा निघाला. भावाचं कौतुक व्हायचं आणि मला टपल्या मिळायच्या. मला वाईट वाटायचं, रागही यायचा. बटण पार शेवटाला टेकलं, तेव्हा त्याने गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्येच मंजूचा आवाज माझ्या बाजूला ढकलला. कोहमारा गावच्या ओमेशने, त्याच्या ओळखीच्या एकाने, घरच्या लग्नात ती गाणी वाजवली आणि फोन करून सांगितलं, की बाईचा आवाज एकाच बाजूने येतो, पाहुणे हसले.

लीलाधर चिडला. त्याने बटणं ठिपक्यावर आणली आणि आमच्या जागा बदलल्या. डावीकडे भाऊ, उजवीकडे मी. गाणं लावून तो खुर्चीत बसला.

"हा बी दबून राहिला," भावाकडे बघत तो म्हणाला. "काऊन?"

मंजू मागे उभी होती. त्याला उठवून ती स्वतः खुर्चीत बसली आणि थोडा वेळ ऐकत राहिली.

"अजी, डबे दोनी बराबर हायेत," ती हळूच म्हणाली. "तुमचा कान डॉक्टरले दाखवू."

मित्रांनो, माझ्यावरचा आळ गेला, पण मला त्याचा आनंद झाला नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वरातीतल्या मोठ्या आवाजाने डाव्या कानाला कमी ऐकू येतं, ते आता भरून यायचं नाही.

आम्ही पुन्हा आपापल्या जागी आहोत. आता जुळवणी मंजू करते. खुर्चीत बसून ती आवाज कुठून येतो ते बोटाने दाखवते आणि लीलाधर तसं बटण फिरवतो. परवा ती शेतावर गेली असताना तो एकटाच आला. तिचं गाणं लावून खुर्चीत बसला. मग उठला आणि माझ्या जाळीवर तळहात ठेवून गाणं संपेपर्यंत उभा राहिला.

मित्रांनो, वरातीत मोठ्या डब्यांपाशी उभे राहू नका. इअरफोनचा आवाज बेताचा ठेवा. आणि एखादा आवाज दबका वाटला, तर आम्हाला टपली मारण्याआधी शेजारच्याला विचारा. माझं बटण पुन्हा ठिपक्यावर आणता येतं. पण लीलाधर ऐकतो त्या गाण्यात मंजू आता मधे उभी राहत नाही. ती कायमची उजवीकडे सरकली आहे.