लाल बेडक्यांचा ओढा

पाणी ओलांडताना सगळ्यांच्या पिशव्या लिबार्दोने डोक्यावर घेतल्या. एका म्हाताऱ्याने तेवढी आपली दिली नाही. ती छातीशी कवटाळून तो कमरेएवढ्या पाण्यातून धडपडत स्वतःच पलीकडे गेला. ओतिलियाच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

ओतिलिया मुरिल्यो ही कालेता मान्सा गावची वाटाडी. गावाच्या पुढ्यात पॅसिफिक समुद्र आणि पाठीला चिकटून जंगल. रस्ता नाहीच, यायचं ते लाँचने. पाहुणे उतरत, तळलेला मासा आणि नारळातला भात खात, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवत आणि ओतिलियाच्या मागून ओढ्यापर्यंत चालत. ओढ्याकाठी पानांखाली बेडक्या राहतात, अंगठ्याच्या पेराएवढ्या, काळ्या अंगावर लाल ठिपक्यांच्या. त्या बघायलाच लोक एवढ्या लांब येत.

गेल्या वर्षी ओढ्याचा एक काठ मुका झाला. तिकडची बेडकी न् बेडकी कोणीतरी वेचून नेली होती. पुढे दूरच्या कुठल्याशा विमानतळावर एका माणसाच्या सामानात तसल्याच बेडक्या सापडल्या, बहुतेक मेलेल्या. तो माणूस ओतिलियाच्या मागून चालून गेला होता. पंचायतीने तिला काही विचारलं नाही, आणि तेच वाईट झालं. विचारलं असतं तर उत्तर देता आलं असतं. आता ती दुकानात शिरली की बायका भलत्याच विषयावर बोलू लागत, आणि चर्चमध्ये तिच्या शेजारची जागा शेवटी भरत असे. पुन्हा असं झालं तर वाट बंद, एवढं मात्र पंचायतीने सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून ओतिलिया पाहुण्यांचे चेहरे कमी आणि हात जास्त बघू लागली होती.

आजच्या टोळीत काली शहरातून आलेल्या तीन मैत्रिणी होत्या. माउरो आणि सिल्विया हे मेदेयीनचं जोडपं होतं. बोलघेवडं, हसरं, सगळ्यांचे फोटो काढून देणारं. आणि हा म्हातारा, सेन्योर पार्दो. डोंगराकडच्या मानिसालेसचा, निवृत्त शिक्षक. एकटा. सकाळपासून त्याने एकच प्रश्न विचारला होता: वाटेत आडोसा कुठे कुठे आहे?

सगळ्यात मागून लिबार्दो चालत होता, कोणी चुकू नये म्हणून. तो ओतिलियाचा मावसभाऊ. दोघं एकाच घरात वाढलेली. अजूनही तो दुपारचं जेवण तिच्याकडेच जेवायचा. तिला तो प्रिमा म्हणे, म्हणजे बहीण.

पाऊस होता आणि नव्हता, तिथे असतो तसा. वाट चढणीला लागली आणि म्हातारा मागे पडू लागला. थोडं चालून तो एखाद्या मोठ्या झाडाच्या मुळांआड जाई, बराच वेळ तिथेच राही, आणि परतताना पिशवीची चेन लावत येई. एकदा चेन अर्धवट राहिली होती. आत ओतिलियाला प्लास्टिकच्या छोट्या डब्या आणि ओला कापूस दिसला.

तिने लिबार्दोला बाजूला घेऊन विचारलं, म्हातारा तिथे काय करतो ते बघितलंस का.

"पोट बिघडलं असेल, प्रिमा," तो म्हणाला. "शहरातली माणसं. आपला बोरोहो फळाचा रस पचत नाही त्यांना."

"डब्या आहेत त्याच्याकडे."

लिबार्दोने खांदे उडवले. मग जरा थांबून म्हणाला, "मग उघडायला लाव ना पिशवी. तुझा हक्कच आहे."

ओढ्यापाशी सगळे विखुरले. मैत्रिणी पाण्यात पाय सोडून बसल्या. माउरोने ओतिलियाला एका पक्ष्याबद्दल विचारलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. ती उत्तरं देत होती, पण डोळे म्हाताऱ्यावर. तो पुन्हा आडोशाला गेला आणि तिचं डोकं फिरलं.

तो बाहेर येताच तिने सगळ्यांना ओढ्याकाठच्या छपराखाली बोलावलं. गावाचा नियम आहे, पिशव्या तपासायच्या आहेत, असं ती म्हणाली. नियम तिने त्याच क्षणी केला होता.

"तुमच्यापासून सुरुवात करू, सेन्योर."

म्हातारा पांढरा पडला. "बाई, जरा बाजूला येता का? तुम्हाला एकटीला दाखवतो."

"इथेच दाखवा. सगळ्यांसमोर."

तो काही क्षण तिच्याकडे बघत राहिला. वर्गात उर्मट पोराकडे बघतात तसं नाही, थकल्यासारखं. मग गुडघ्यावर बसून त्याने एकेक वस्तू बाहेर काढून फळीवर मांडली. कापूस, मलम, हातमोजे, घडी घातलेल्या पारदर्शक पिशव्या. डब्यांत औषधी चकत्या. शेवटी त्याने शर्ट वर केला. पोटाला चिकटवलेली पिशवी तिथे दिसत होती.

"आतड्याचं ऑपरेशन झालंय, पोट या पिशवीत साफ होतं," तो म्हणाला. "ही मला दर थोड्या वेळाने बघावी लागते. अजून काही बघायचंय?"

एका मैत्रिणीने मान फिरवली. ओतिलियाला वाटलं, ओढ्याने आता इथूनच आपल्याला समुद्रात वाहून न्यावं. तिने माफी मागितली. शब्द नीट निघाले नाहीत. तेवढ्यात सिल्विया पुढे झाली, आपली पिशवी उघडून तिच्यासमोर धरत हसून म्हणाली, "नियम तो नियम. आमचीही बघा."

ओतिलियाने न बघताच हात हलवला. आता कोणत्या तोंडाने बघायचं?

उतरताना ती एकदाही मागे वळली नाही. सिल्वियाच्या खांद्याला अडकवलेला थर्मास तिला चढणीवर हिंदकळताना ऐकू आला होता, आता त्याचा आवाज येत नव्हता. हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने ते ढकलून दिलं. कॉफी संपते. संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की थर्मासही चोर वाटतो, असं तिने स्वतःला बजावलं.

किनाऱ्यावर लाँचची वाट बघत सगळे शेडखाली थांबले. म्हातारा भिजून कुडकुडत होता. ओतिलियाने त्याला आपली कोरडी शाल नेऊन दिली. त्याने ती घेतली, पण तिच्याकडे बघितलं नाही. समुद्राकडे बघतच बोलला.

"मागे राहणाऱ्याला पुढच्यांच्या पाठी दिसतात, बाई. ओढ्यावर मी झाडाआड होतो. त्या हसऱ्या बाईने हातमोजे घातले आणि पानांखालून काहीतरी उचलून थर्मासात टाकलं. एकदा नाही, बऱ्याचदा. तिचा नवरा तुम्हाला पक्षी विचारत होता."

ओतिलियाने नजरेने लिबार्दोला शोधलं. "आणि लिबार्दो? तो कुठे होता?"

"तिच्याकडे पाठ करून उभा होता. वाटेवर नजर ठेवून." त्याने शाल घट्ट लपेटली. "हे मी तुमच्यासाठी सांगत नाहीये. तुम्ही माझं जे केलंत ते मी विसरणार नाही. त्या मुक्या जिवांसाठी सांगतोय."

तिला ते खरं मानायचं नव्हतं. दुखावलेला माणूस सूड घेत असेल. थोड्या वेळापूर्वी एकाला तिने विनाकारण उघडं पाडलं होतं, आता दुसरीला पाडायचं? दुधाने तोंड पोळलेली ती आता ताकाकडे नुसती बघत उभी राहिली. लाँचचा आवाज मात्र जवळ येत होता.

मग ती शांतपणे म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी: "लिबार्दो, सेन्योरना थंडी वाजतेय. त्या बाईंच्या थर्मासातली घोटभर कॉफी दे त्यांना."

सिल्वियाने तोंड उघडायच्या आत लिबार्दो बोलून गेला, "त्यात कॉफी नाहीये."

"तुला कसं ठाऊक?"

त्याचा चेहरा ती लहानपणापासून वाचत आली होती. आणखी काही विचारायची गरज उरली नाही. तिने सिल्वियाच्या खांद्यावरून थर्मास काढून घेतला. माउरो मध्ये आला तेव्हा त्या तिघी मैत्रिणी उठून ओतिलियाच्या बाजूला उभ्या राहिल्या. झाकण सैल होतं. आत ओलं शेवाळ होतं, आणि शेवाळावर एकमेकींना चिकटून बसलेल्या लाल ठिपक्यांच्या बेडक्या, घसे भराभर हलवणाऱ्या.

पंचायतीची माणसं धावत आली. जोडप्याला शाळेच्या खोलीत बसवलं आणि पोलिसांच्या लाँचला निरोप गेला. माउरो सारखा म्हणत होता, तुमच्याच माणसाने बोलावलं आम्हाला, त्याला विचारा. विचारायला लागलंच नाही. लिबार्दो वाळूत बसून राहिला होता.

"गेल्या वर्षीसुद्धा तूच?" ओतिलियाने विचारलं.

त्याने होकाराची मान हलवली.

"लोक माझ्याकडे बोट दाखवत होते, आणि तू माझ्या ताटात जेवत होतास."

"तुला सांगणार होतो, प्रिमा."

"प्रिमा म्हणू नकोस."

कुंपणच शेत खात होतं, आणि शेतावर पहारा करायला तिने त्याच कुंपणाला मागे ठेवलं होतं. तिला रडू आलं नाही. राग होता, पण त्याहून जास्त एक कोरडा गारवा.

बेडक्या परत नेऊन सोडायला हव्या होत्या. पंचायतीचा प्रमुख म्हणाला, मी येतो. चर्चमध्ये तिच्या शेजारी बसायचं टाळणाऱ्या दोघी बायका आता पुढे झाल्या, आम्ही धरतो ना थर्मास, तू दमली आहेस. ओतिलियाने प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग हातांकडे. चांगली माणसं होती. लिबार्दोही आज सकाळपर्यंत चांगलाच होता.

"नको," ती म्हणाली. "माझी मीच जाते."

सेन्योर पार्दो लाँचमध्ये चढत होता. त्याने शाल घडी करून शेडमधल्या फळीवर ठेवली होती. तिने हात हलवला. त्याने उत्तर दिलं नाही. मात्र लाँच वळेपर्यंत तो तिच्या हातातल्या थर्मासाकडे बघत राहिला.

ती एकटीच चढून गेली. वाटेत दोनदा थांबून तिने मागे वळून पाहिलं, कोणी येत तर नाही ना. ओढ्याच्या मुक्या काठावर तिने थर्मास आडवा केला आणि दूर सरकून बसली. बेडक्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. मग एक आली, पानावर चढली, आणि पानाखाली गेली. दोन तळाशी मेलेल्या होत्या. त्या तिने पानात गुंडाळून मातीत पुरल्या, आणि उजेड होता तोवर तिथेच बसून राहिली, पाण्याकडे पाठ आणि वाटेकडे तोंड करून.