नावापुढं गाव

बाबांचा आवाज जायला आठ दिवस उरले होते आणि हे गृहस्थ माइकसमोर बसून 'सोनखेड, लोहा, कंधार' करत होते.

"पाणी म्हणा बाबा. दुखतंय म्हणा. उद्या गरज पडेल ते बोला की!"

"पुढं सरका, पुढं सरका," बाबा म्हणाले. "दार सोडा, मावशी."

माझे बाबा आनंदराज तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. घशात गाठ निघाली आणि नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्रच काढावं लागेल. मी नांदेडला भाड्याच्या खोलीत बसून लोकांची वेबपानं बनवते. मी ठरवलं, गळा जाऊ दे, आवाज सोडायचा नाही. बाबांचे शब्द रेकॉर्ड करायचे, फोनमधल्या एका पानावर प्रत्येक शब्दाचं मोठं बटण करायचं. बटणं ओळीनं दाबली की बाबांच्याच आवाजात वाक्य ऐकू यावं.

ऑपरेशनसाठी बाबा आणि आई माझ्या खोलीवरच येऊन राहिले होते. दुपारी बाबा झोपले की मी हेडफोन लावून शब्द कापत बसायची. डोळे जड व्हायचे, पंखा घरघरायचा, आणि खोलीतून एसटी जायला लागायची. खिडकीबाहेर कापसाची रानं मागं पळायची, बाबांचा आवाज सीटांमधून पुढं पुढं यायचा आणि माझ्याजवळ तिकीट नसायचं. कधी कधी कळायचं नाही, कानातले बाबा खरे की समोर कॉटवर झोपलेले. मी रडायची. लपवत नाही.

शब्द जोडले की मध्ये धक्के बसत. ते धक्के काढून वाक्य सलग करणारं पॅकेज, म्हणजे तयार कोडची फाईल, कुणीतरी दूरदेशी लिहून नेटवर फुकट ठेवलं होतं. असं दुसऱ्याचं पॅकेज आपल्या पानात आणायला लोक केवढी यंत्रणा उभी करतात. आधी हत्यारं, मग हत्यारांच्या सेटिंगच्या फाईली. मला तेवढा धीर नाही आणि माझ्या लॅपटॉपला तर मुळीच नाही. हल्ली ब्राउझर स्वतःच पॅकेज आणतो. मी एका ओळीत पॅकेजचं नुसतं नाव लिहिलं. ब्राउझर अडून बसला. म्हणे, हे कोण, मला माहीत नाही.

नुसतं नाव पुरतं, असं मला वाटणारच. लातूरला शिकत असताना माझा डबा रोज घरून एसटीनं यायचा. झाकणावर ऑइलपेंटनं माझं नाव, 'महामाया', एवढंच. अहमदपूरला गाडी बदलायची, कंडक्टर बदलायचे, तरी डबा लातूरच्या स्टँडवर माझ्या हातात पडायचा. चार वर्षं एकदाही चुकला नाही.

बाबा उठले तेव्हा मी ब्राउझरच्या नावानं बोटं मोडत होते. ऐकून ते हसले.

"डब्यावर नाव असायचं, पर गाव कंडक्टरच्या डोक्यात असायचं. तुझ्या गाडीला कंडक्टर कुठं हाय? नावापुढं गाव लिहून दे त्याला."

अगदी तशीच सोय असते. पानाच्या वरच्या बाजूला छोटी यादी लिहायची: हे नाव आलं की या पत्त्यावरून आण. मला ती ठाऊक होती आणि मी विसरले होते. दोन ओळी लिहिल्या आणि पान सलग बोललं, "लोहावाले पुढं या."

ऑपरेशन झालं. दहाव्या दिवशी बाबांनी बटणं दाबून नर्सला सुनावलं, "दार सोडा, मावशी." सगळा वॉर्ड हसला. मी नुसती हवेत होते.

मग आम्ही गावी गेलो. आमचं गाव कंधारच्या पुढं, टेकडीच्या पोटाला. तिथं रेंज मनात आलं तर येते. अख्खी गल्ली बाबांना भेटायला जमली होती. गळ्याला रुमाल बांधून बाबा बाजेवर बसले, सगळ्यांकडे बघून घेतलं आणि बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. बटणं दिसत होती, कारण माझं पान आणि रेकॉर्डिंग फोनात साठवलेलं होतं. पॅकेज मात्र दर वेळी नेटवरून, हजारो मैलांवरून यायचं, माझ्या यादीत तोच पत्ता होता, आणि ते आल्याशिवाय पान तोंडच उघडत नव्हतं.

"येईल, येईल, दमानं घ्या," शेजारचे रामकिशनकाका म्हणाले.

बाबांनी फोन उशीवर पालथा ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस त्याला हात लावला नाही. लिहायला पाटी दिली, तीही सरकवली. भरल्या गाडीशी तीस वर्षं बोललेला माणूस. डॉक्टरांनी त्यांचा आवाज एकदा काढून घेतला होता, चारचौघांत दुसऱ्यांदा मी घेतला.

तिसऱ्या दिवशी मी कंधारच्या स्टँडवर जाऊन बसले, तिथं रेंज होती. पॅकेजची फाईल उतरवून पानाच्याच फोल्डरात ठेवली आणि यादीतला पत्ता बदलून घरचा केला. सगळं फोनात साठवलं, नेट बंद करून तीनदा तपासलं. बदल एका ओळीचा. त्या एका ओळीसाठी परतीच्या वाटेवर मी स्वतःला नाही नाही ते बोलले.

बाबा फोन घेईनात. मी तो त्यांच्या हाताजवळ ठेवला आणि बाहेर पायरीवर येऊन बसले. माय, म्हणजे माझी आई पार्वतीबाई, घरामागं चुलीवर भाकरी थापत होती. ऊन उतरलं. शेळ्या परत आल्या. मला डुलकी लागली असावी, कारण हाक आली तेव्हा मी पुन्हा त्या एसटीतच होते.

"आगं ए! कुटं गेलीस?"

रेकॉर्डिंग चालू असताना बाबांनी मध्येच मायला मारलेली हाक. कुठल्या बटणावर ती राहून गेली होती, मलाही ठाऊक नव्हतं.

"आले, आले! भाकर तव्यावर हाय, जरा दम न्हाई माणसाला!" माय मागून खेकसली.

मग थापण्याचा आवाज थांबला. पिठाचे हात तसेच घेऊन ती दाराशी आली. बाबा फोन धरून तिच्याकडे बघत होते. ते हसत होते. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते.

"आनखी एकदा हाक मारा की," माय म्हणाली.

बाबांनी मारली.

"आले," ती म्हणाली, त्यांच्यासमोर उभी राहून.