चूलबंद

पायलच्या लग्नात तिच्या आईकडे, चांगुणाकडे, एकच काम होतं. कोणाला बोलवायचं नाही. बाकी सगळं पायल पुण्याहून फोनवर ठरवत होती आणि ते ठरतही होतं. बिघडलं ते नेमकं हे एवढंच.

खरं म्हणजे पोरगी पुण्यातच कोर्टात सह्या करून मोकळी होणार होती. मुलगा, शिवम, तिच्याच ऑफिसातला; दोन्ही घरांची काही हरकत नव्हती. चांगुणानेच हट्ट धरला. एकुलती एक लेक, ती आपल्या मळ्यातून नाही तर काय सरकारी बाकड्यावरून सासरी धाडायची? रुसून झालं, रडून झालं, जेवण सोडून झालं, तेव्हा कुठे पायल मळा बघायला म्हणून आली. दिवाळी तोंडावर होती. घाटावरून गार वारा सुटला होता, बांधापलीकडे तूर पिवळ्या फुलावर आली होती आणि सीताफळाच्या बागेत कलतं ऊन उतरलं होतं. पायल बराच वेळ नुसती बघत उभी राहिली.

"आई, इथंच. एकदम कोझी करू."

कोझी म्हणजे काय, ते चांगुणाने विचारून घेतलं. उबदार, आपल्या-आपल्यातलं, शंभर माणसांत. गाद्या आणि लोड, झाडाझाडाला कंदील, कमानीला ज्वारीची कणसं, पाहुण्यांनी मोहरीच्या रंगाचे कपडे घालायचे, आणि मुहूर्त गोरज. चांगुणाला हे सगळं आवडलं. कंदील तर फारच.

"पण गाव नको, आई," पायल म्हणाली आणि तिने आईचा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. "गाव आलं तर मी बोहल्यावरून उठून जाईन. खरंच सांगते."

हे थट्टेत म्हटलेलं नव्हतं. चुलत बहिणीच्या, रेणुकाच्या, लग्नात पायल पाच वर्षांची होती. जेवणाच्या रेटारेटीत आईचं बोट सुटलं आणि सापडली ती पाण्याच्या टँकरखाली, दोन्ही कानांवर हात घट्ट धरून बसलेली. तेव्हापासून गर्दी दिसली की पोरीचे ओठ पांढरे पडत. पुण्यात मोठी साहेबीण झाली, तरी ते काही गेलं नव्हतं. चांगुणाने डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

आणि मग कार्तिकातल्या एका पहाटे तिने तो मोडला.

लग्नाची पहिली पत्रिका मारुतीला द्यायची, ही गावाची रीत. त्यात पायलने नको म्हणण्यासारखं काही नव्हतं; देव काही गादी अडवून बसत नाही. काकड्याची आरती नुकतीच आटोपली होती, बायका प्रसाद घेत उभ्या होत्या. चांगुणाने पत्रिका मारुतीच्या पायाशी ठेवली, हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले. सासू ज्या ठिकाणी उभी राहायची तिथेच ती उभी होती, आणि सासूने घरच्या प्रत्येक लग्नात म्हटलं तेच तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"मारुतीराया, पायलचं लगन हाय. चूलबंद ये बाप्पा."

बोलून झाल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते. मागे कुणीतरी आनंदाने म्हणालं, "चूलबंद हाय वं!" आणि आवाज बायका-बायकांतून दारापर्यंत गेला.

चूलबंद म्हणजे घरात चूल पेटवायची नाही. म्हातारं, तान्हं, आलेला पाहुणा, सगळ्यांनी जेवायला यायचं. आणि देवाला दिलेलं आवतन एकट्या देवाचं नसतं, ते गावाचं असतं. चांगुणाने मागे वळून सांगायला हवं होतं की बाई, चुकलं, पोरीचं लग्न लहानसंच आहे. पण दिलेलं आवतन कोणी परत घेतल्याचं तिने या गावात ऐकलं नव्हतं. ती प्रसाद घेऊन घरी आली आणि प्रसाद मुठीतच राहिला.

नवऱ्याला, निवृत्तीला, तिने चहा देता देता सांगितलं.

"देवाले काय सांगतलं तू?"

"चूलबंद."

"मोठ्यानं?"

"देवाले हळू कोन सांगते?"

निवृत्तीने बशी खाली ठेवली. "आता तूच पाय. अन् पायलसमोर मले काही इचारू नोको, माह्या तोंडात काही राह्यत नाही." एवढं बोलून तो कापूस वेचणाऱ्या बायकांवर देखरेख करायला निघून गेला, आणि लग्न होईपर्यंत त्याला कपाशीचा जो लळा लागला तो तोवर कधी लागला नव्हता.

तेव्हापासून चांगुणा भीतच होती. गावातून जाताना जो तो हसून बोलत होता आणि प्रत्येक हसण्याने तिची भीती वाढत होती. किराणावाला म्हणाला, वहिनी, त्या दिवशी दुकान बंदच ठेवतो. शाळेतून येणारी पोरं तिला बघून "चूलबंद, चूलबंद" म्हणत पळाली. झोपेत तिला पंगत दिसायची. बांधापर्यंत माणसं बसलेली, रिकाम्या पत्रावळी, आणि बोहल्यावर पायल कानांवर हात धरून. शेजारच्या गावात एका लग्नात जेवण कमी पडलं होतं. त्या घराला आजही त्या लग्नावरूनच ओळखतात, नवरा-नवरीची पोरं कॉलेजात गेली तरी. आणि इथे तर नुसतं कमी पडणार नव्हतं. पोरंबाळं घेऊन आलेली माणसं उपाशी परत जाणार, आणि घरी चूलही थंड.

तिने आचाऱ्याला गुपचूप विचारून पाहिलं. आचारी बुलढाण्याचा, पायलनेच ठरवलेला. "जास्तीचं करता येईल काय हो, थोडं?"

"करू ना मावशी. ताईंना फोन लावतो," असं म्हणत त्याने खिशातून फोन काढला, आणि चांगुणाने त्याचा हातच धरला. नको, राहू दे.

पायल आली ती कंदिलांची खोकी घेऊन. सीताफळाच्या फांद्यांना ते बांधताना ती लहानपणीसारखी गुणगुणत होती. चांगुणा शिडी धरून खाली उभी होती. आता सांगू, हा कंदील बांधून झाला की सांगू, असं म्हणत म्हणत सगळी बाग बांधून झाली.

"आई, शिडी का हलतेय?"

"थंडी वाजून राह्यली."

"म्हणूनच मी पाहुण्यांना शाली देणार आहे," पायल खुशीत म्हणाली. "बघ, किती विचार केलाय मी!"

चांगुणाने तोंड फिरवलं. लेकीला फसवतो आहोत याची तिला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती मोठी होती.

शेवटी लग्नाला दोनच दिवस उरले तेव्हा ती विमलबाईकडे गेली. विमलबाई मारुतीच्या देवळाला लागूनच राहायची. चांगुणापेक्षा वयाने बरीच मोठी, पायलला पहिली घुटी तिनेच चाटवलेली. हिला सांगितलं तर ही गावाला समजावेल, असं चांगुणा मनात घोकत गेली. विमलबाई ओसरीवर बसून पेटीतली जांभळी साडी उन्हाला देत होती. शेजारी नातवाचा नवा सदरा घडी करून ठेवला होता.

"ये वं. पाय बरं, चालते ना ही साडी? पायलच्या लग्नासाठीच ठेवली होती म्या."

चांगुणाने तोंड उघडलं. जे सांगायचं होतं ते आलंच नाही. भलतंच आलं.

"मावशी, तुमच्या घरचे किती जन येतीन?"

विमलबाईचा साडीवरून फिरणारा हात थांबला. चूलबंद आवतन दिलेल्या घराला हा प्रश्न कोणी विचारत नाही. सगळ्यांना बोलावलं म्हटल्यावर मोजायचं काय उरतं? चांगुणाला ते बोलता बोलताच समजलं, पण प्रश्न तोंडातून गेला होता. विमलबाईने तिच्याकडे नीट पाहिलं, तिच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे, पदराचं टोक पिळणाऱ्या बोटांकडे.

"जितके हायेत तितके येतीन," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "पोरगी खुश हाय ना?"

"हाव."

"मंग झालं. चहा घे."

चांगुणा चहा पिऊन परत आली. आता एक भीती होती तिथे दोन झाल्या होत्या. विमलबाईला राग आला असेल, ती आता गावभर सांगेल, असं तिला राहून राहून वाटत होतं.

लग्नाच्या दिवशी तिने कन्यादानाचा उपास धरला होता, पण उपास नसता तरी घास गिळवला नसता. शिवमकडची माणसं आली. मोहरीच्या रंगाच्या साड्या, कुर्ते, हळू आवाजातलं बोलणं. बाग चित्रासारखी दिसत होती आणि तिला तिकडे बघवत नव्हतं. दिवस कलायला लागला तेव्हा ती काहीतरी आणायच्या निमित्ताने मळ्यातल्या घराच्या गच्चीवर चढली. तिथून गाव दिसायचं. आता माणसं निघाली असतील, बैलगाड्या, मोटारसायकली, सगळं दिसेल, म्हणून तिने छातीवर हात ठेवून पाहिलं.

रस्त्यावर कोणीच नव्हतं. देवळाच्या बाजूने मात्र धुराची एक बारीक रेघ वर येत होती. ती विमलबाईच्या घराची होती. चांगुणा बघत होती तोवर दुसरी निघाली, मग खालच्या आळीतून, मग सगळीकडून. गॅस आता घरोघर आहे, पण भाकरी गाव अजून चुलीवरच करतं. आणि आज रोजच्या वेळेच्या कितीतरी आधी गावाने चुली पेटवल्या होत्या.

येत नाहीत! वाचलो! आणि दुसऱ्याच क्षणी ती कठड्याला धरून खाली बसली. चूलबंद म्हटलेल्या दिवशी गाव चूल पेटवतं, ते ज्या घराशी संबंध तोडायचे असतात त्याच घरासाठी. गावाने आपल्याला टाकलं. मोजायला गेलो म्हणून टाकलं. याआधी ज्या ज्या गोष्टींना ती भ्याली होती त्या सगळ्या या भीतीपुढे पोरकट होत्या. लेक तर रात्रीच पुण्याला जाणार होती. राहायचं इथे आपल्यालाच होतं.

खालून निवृत्तीने हाक मारली. मुहूर्त जवळ आला होता.

अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि तेव्हा बांधावरून माणसं येताना दिसली. आधी थोडी, मग खूप. स्वच्छ धुतलेले कपडे, डोक्यावर टोप्या, पदर, पोरांची बोटं घट्ट धरलेली. कोणी बोलत नव्हतं. बागेत कोणी शिरलंही नाही. तुरीच्या कडेला, कंदिलांच्या उजेडाबाहेर, सगळं गाव ओळीने उभं राहिलं. चांगुणाने पायलकडे पाहिलं. पायलचे ओठ पांढरे पडले होते. तिने गर्दीकडे पाहिलं, गर्दी जागची हलली नाही, आणि हळूहळू तिच्या ओठांवर रंग परत आला. 'शुभमंगल सावधान' झालं आणि बांधावरून अक्षतांचा पाऊस पडला. बऱ्याचशा तुरीतच पडल्या.

मग एकटी विमलबाई पुढे आली. तीच जांभळी साडी. तिने पायलच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

"आजी, जेवून जा ना सगळे," पायल म्हणाली.

"जेवूनच आलो बाप्पा. पोट भरलं हाय." तिने मागे पाहिलं, आणि बांधावरच्या बायकांनी माना डोलावल्या. जाता जाता ती चांगुणाजवळ थांबली. "पानी पे. तोंड सुकलं तुह्यं," एवढंच म्हणाली, आणि जसं आलं तसं गाव परत गेलं.

"किती समजूतदार आहेत गं आपल्या गावचे लोक!" निघताना पायल आईच्या गळ्यात पडून म्हणाली. "मी उगाच इतकी वर्षं घाबरत होते." चांगुणा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. गावाने चुली लवकर का पेटवल्या, ते तिला आता कळलं होतं.

सकाळी ती उठली तेव्हा लेकीवाचून घर रिकामं वाटत होतं. तिने चूल पेटवली नाही, गॅसही नाही. कालपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. ती चालत विमलबाईच्या दारात गेली आणि आत जाऊन तिच्या चुलीजवळ बसली.

"मावशी, भाकर हाय काय?"

"बस ना, टाकतो गरम."

"गरम नोको. कालची दे."

विमलबाईने उठून टोपलीवरचं फडकं बाजूला केलं, कालची ज्वारीची भाकर आणि ठेचा तिच्यापुढे ठेवला. भाकर कडक झाली होती. पहिला घास तोंडात असतानाच चांगुणाला रडू फुटलं.

"माह्यं चुकलं, मावशी. म्या भेलो. तुमाले मोजाले बसलो."

"आधी गिळ."

तिने गिळलं. डोळे पुसले. "माह्या घरी आज चूल नाही पेटवली."

विमलबाईने पीठ मळायला घेतलं. पिठाचे हात तसेच ठेवून ती म्हणाली, "मंग निवृत्तीले काऊन घरी ठेवलं? बोलाव त्याले. पाहुने राह्यले असतीन त्याहिले बी घेऊन ये."

कोण कोण आहेत, ते तिने विचारलं नाही.